वाचकांचे प्रश्न : एचआयव्हीचे उपचार आणि रुग्णाची बोली

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. एचआयव्हीवरील औषधे सरकारी एआरटी केंद्रांत 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळू लागली, आणि 2017 पासून तर सीडी-4 या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा कितीही असला, तरी निदान होताच उपचार सुरू करावेत असे राष्ट्रीय धोरण आहे. तरीही ज्यांची भाषा, धर्म किंवा राहणी केंद्रातील बहुतेक कर्मचाऱ्यांहून वेगळी आहे, त्यांच्यापर्यंत हे औषध पोचताना नेमके कुठे अडते, ते या पत्रांतून दिसते. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात समुपदेशक म्हणून काम करतो. आमच्याकडे पावरा आणि भिल्ल समाजातील रुग्ण बरेच येतात. मला पावरी बोली येत नाही, त्यामुळे बरोबर आलेला मुलगा किंवा दीर जे सांगेल त्यावर काम भागवावे लागते. दिवाळीनंतर ही मंडळी ऊसतोडीला निघून जातात आणि गोळ्या तुटतात. आमचे वरिष्ठ म्हणतात, "यांची संस्कृतीच तशी आहे, भगताकडे जातात, औषधाचे महत्त्व यांना कळत नाही." मी काय करावे?

उत्तर : वरिष्ठांचे म्हणणे खरे की खोटे याचा वाद न घालता आपण आधी आपलेच रजिस्टर उघडावे, आणि ज्यांच्या गोळ्या तुटल्या ते रुग्ण कोणत्या महिन्यात यायचे थांबले हे मोजावे. आपल्याच पत्रात लिहिल्याप्रमाणे ते दिवाळीनंतरचे महिने निघाले, तर कारण भगत नसून मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आहे, कारण भगत तर बाराही महिने गावातच असतो. कोयता घेऊन टोळीबरोबर गुजरातमधील बारडोलीकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यावर गेलेल्या जोडप्याला महिन्याच्या गोळ्या घेण्यासाठी परत येणे परवडत नाही. दिवसाची मजुरी बुडते आणि मुकादमाला कारणही सांगावे लागते. ज्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, आटोक्यात आहे, अशा रुग्णांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात. उरलेल्या काळासाठी ते जिथे जाणार असतील तिथल्या जवळच्या एआरटी केंद्राचा पत्ता त्यांच्या उपचारांच्या हिरव्या पुस्तकात लिहून द्यावा, आणि शक्य असल्यास त्या केंद्राला आधी फोन करून ठेवावा. हे काम दसऱ्याच्या आधी झाले पाहिजे, कारण टोळी कधी निघेल ते रुग्णाच्या हातात नसते.

सातपुड्यातील मोठा सण होळी. बाहेर गेलेला माणूस त्या सुमारास धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर परततोच. वर्षातून एकदा करायची व्हायरल लोडची तपासणी आपण जूनमध्ये ठेवत असाल, तर ती होळीच्या आगेमागे आणून पाहावी. आपल्या वरिष्ठांना संस्कृतीच हवी असेल, तर तिचा एवढा उपयोग त्यांनी अवश्य करावा.

आता दुभाष्याविषयी, कारण आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. दहा-बारा वर्षांचा मुलगा आई आणि समुपदेशक यांच्यामध्ये बसला आहे, आणि "नवरा बाहेर कोणाकडे जातो का" हे त्याने आईला विचारायचे आहे, असा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. मूल ते विचारत नाही. ते काहीतरी दुसरेच विचारते, आई त्याचे उत्तर देते आणि आपण ते कागदावर उतरवतो. दीर असेल तर तो सगळे विचारतो, पण मग संध्याकाळपर्यंत पाड्याला सगळे कळते. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. चाचणीसाठी समजून दिलेली संमती आणि निदानाची गुप्तता या दोन्ही गोष्टी त्याने बंधनकारक केल्या आहेत. जी गोष्ट रुग्णाला तिच्या भाषेत कळलीच नाही, तिला तिने दिलेली संमती कायद्याच्या अर्थाने संमती ठरत नाही, असे माझे मत आहे.

यावर उपाय म्हणून लगेच गावच्या आशाताईंना बोलावण्याचा मोह होतो. तो आवरावा, निदान रुग्णाला विचारल्याशिवाय तसे करू नये, कारण आशाताई त्याच पाड्यावरच्या आणि बहुधा नात्यातल्या असतात. त्यापेक्षा दुसऱ्या तालुक्यातील, पावरी बोलणारी आणि स्वतः उपचार घेत असलेली व्यक्ती गुप्ततेची हमी देऊन मदतीस मिळते का ते पाहावे. अशी व्यक्ती केंद्रात येऊ शकत नसेल, तर नाव-गाव न सांगता फोनवरून बोलणे करून देता येते. बोलताना एक वाक्य आपण बोलावे, एक त्यांनी सांगावे. पाच मिनिटांचे भाषण एका वाक्यात उरकू देऊ नये.

शब्दांचीही गंमत असते. 'पॉझिटिव्ह' म्हटले की चांगले आणि 'निगेटिव्ह' म्हटले की वाईट, असा अर्थ घेऊन आनंदाने घरी गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. "समजले का?" या प्रश्नाला सरकारी टेबलासमोर बसलेला माणूस नेहमी "हो" म्हणतो. म्हणून "घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार ते मला सांगा," असे म्हणावे आणि गप्प बसावे. 'रात्री नऊ वाजता' या सूचनेला ऊसतोडीच्या घड्याळ नसलेल्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, अर्थ नाही. 'रात्रीची भाकर झाली की' याला आहे.

दारूविषयी मुद्दाम लिहितो. आपण "दारू प्यायलात तर गोळीचा उपयोग नाही" असे बजावत असाल, तर ते आजच थांबवावे. रुग्ण ही सूचना अतिशय प्रामाणिकपणे पाळतो, म्हणजे मोहाची दारू घेतली त्या दिवशी गोळी घेत नाही, आणि होळीच्या दिवसांत सलग चार-पाच दिवस गोळ्या राहून जातात. सध्या पहिल्या टप्प्यात दिली जाणारी टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर या तीन औषधांची एकत्रित गोळी, जिला केंद्रात सगळे टीएलडी म्हणतात, ती दारू घेतली म्हणून निकामी होत नाही. दारू कमी करावी हे जरूर सांगावे, यकृतासाठी आणि घरासाठीही. पण प्यायलेल्या दिवशीसुद्धा गोळी घ्यायचीच, हे त्याच दमात सांगावे.

भगताचेही तसेच. "तिकडे जाऊ नका" म्हटल्याने जाणे थांबत नाही, सांगणे तेवढे थांबते. त्याने काय पोटात घ्यायला दिले, हे न रागावता विचारावे आणि ते लिहून ठेवावे. काही रुग्ण दुसऱ्या टप्प्यातील अॅटाझानाविर या औषधावर असतात. त्या औषधाने रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य वाढून डोळे पिवळे दिसू शकतात, आणि बहुतेक वेळा यकृताला त्यामुळे इजा झालेली नसते. ही गोष्ट आपण गोळी देतानाच सांगितली नाही, तर डोळे पिवळे झालेला माणूस काविळीच्या झाडपाल्याकडे जाणार, तेल-तूप बंद करणार, आणि 'गरम' म्हणून आधी आपल्याच गोळ्या सोडणार. यात केवळ आदिवासी समाजालाच नावे ठेवण्याचे कारण नाही; काविळीसाठी झाडपाल्याच्या दारात उभे राहणारे पदवीधर पुण्यातही मिळतात. डोळे पिवळे दिसले तर गोळी न सोडता केंद्रात यावे आणि तपासणी करून घ्यावी, एवढे वाक्य पावरीत पाठ करून ठेवावे.

प्रश्न : मी मालेगावची आहे. पाच वर्षांपासून माझी टीएलडी गोळी रात्री दहाला सुरू आहे आणि गेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. माझ्या मिस्टरांना सगळे माहीत आहे, ते स्वतःही औषध घेतात. पण सासूबाईंना किंवा नणंदेला काहीच ठाऊक नाही. रमजानमध्ये रोजे धरले नाहीत तर घरात विचारपूस होते. केंद्रातील डॉक्टर म्हणाले, "तुम्ही लोक उपास करू नका." मी काही न बोलता परत आले. रोजे धरले तर औषध बंद पडेल का?

उत्तर : आपली गोळी चोवीस तासांत एकदाच घ्यायची आहे आणि ती जेवणाबरोबर किंवा रिकाम्या पोटी, कशीही चालते. त्यामुळे आपली प्रकृती स्थिर असेल, तर रोजा आणि ही गोळी यांच्यात मुळात भांडण नाही. रात्री दहाची वेळ रोजाच्या काळाबाहेरचीच आहे, आणि ती जशीच्या तशी ठेवली तरी चालेल. तरावीहची रात्रीची नमाज, पाहुणे आणि स्वयंपाकघरातील गर्दी यांमुळे दहा वाजता एकटेपणा मिळत नसेल, तर वेळ इफ्तारला किंवा पहाटेच्या जेवणाला, म्हणजे सहेरीला, हलवता येते. दोन-तीन तास अलीकडे घेतल्याने अपाय होत नाही. सहेरीला न्यायची असेल, तर रमजानच्या आधीच्या आठवड्यात केंद्राच्या सल्ल्याने वेळ सरकवावी, म्हणजे पहिल्याच दिवशी घोटाळा होणार नाही.

एक बारकी गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. इफ्तारच्या भज्यांनी आणि तळलेल्या पदार्थांनी जळजळ होऊ लागली की घरोघरी पित्ताचे पातळ औषध निघते. त्यात अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असते, आणि ते डोल्युटेग्राविरला पोटात अडकवून ठेवते. गोळी अशा औषधाच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. इफ्तारला सात वाजता गोळी घेतली आणि नंतर नऊ-साडेनऊला पित्ताचे औषध घेतले तर हरकत नाही. उलटे करायचे असेल, तर गोळी सहेरीपर्यंत थांबवावी. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या सुरू असतील, तर त्या टीएलडीबरोबर जेवताना एकत्र घेता येतात. रिकाम्या पोटी घ्यायच्या असल्यास वरचाच दोन आणि सहा तासांचा नियम पाळावा.

आपल्या मिस्टरांचे औषध कोणते आहे हे आपण लिहिलेले नाही. ते अॅटाझानाविर घेत असतील, तर ते अन्नाबरोबरच घ्यावे लागते, म्हणजे इफ्तारचे खजूर-पाणी पुरेसे नाही, जेवणच हवे. क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन सुरू असेल, तर डोल्युटेग्राविरचा आणखी एक डोस सुमारे बारा तासांनी घ्यावा लागतो. इफ्तार आणि सहेरी या दोन वेळांत तो बसू शकतो, पण क्षय झालेल्या माणसाने रोजे धरावेत की नाही हे वजन आणि अशक्तपणा पाहून डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण, उलट्या-जुलाब आणि नुकतेच सुरू झालेले उपचार यांनाही हेच लागू आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर तेही सांगावे, कारण डोल्युटेग्राविरबरोबर त्याची मात्रा दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत. आजारी माणसाने रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करावेत ही मुभा कुराणातच, सूरह अल-बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आहे, हे आपल्याला माझ्याहून अधिक माहीत असेल. ती मुभा घ्यायची की नाही हा निर्णय आपला आहे. डॉक्टरांनी फक्त वैद्यकीय धोका आहे की नाही एवढेच सांगायचे असते.

'तुम्ही लोक' या दोन शब्दांचे मला वाईट वाटते, आणि वैद्यकीय दृष्ट्याही ते महागात पडतात. अशा नकारानंतर रुग्ण रोजा सोडत नाही, तो रोजा धरतो, गोळीचे काय करायचे ते स्वतःच्या मनाने ठरवतो, आणि पुढच्या महिन्यात "गोळ्या नियमित चालू आहेत ना?" याला "हो" म्हणतो. आपणही काही न बोलता परत आलात. पुढच्या वेळी रमजानच्या आधीच्या, शाबानच्या महिन्यातच जाऊन "मी रोजे धरणार आहे, वेळ कोणती ठेवू?" असा सरळ प्रश्न विचारावा.

सासूबाईंना सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही. गोळ्यांच्या डबीवरील नाव कोणी वाचेल अशी भीती असेल, तर आठवड्याच्या गोळ्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत ठेवाव्यात. मूळ डबीतील ओलावा शोषणारी पुडी मात्र तिथेच राहू द्यावी.

प्रश्न : मी तृतीयपंथी आहे, दक्षिण महाराष्ट्रात गुरूंच्या घरी राहते. एचआयव्हीचे औषध तीन वर्षांपासून घेते. केंद्रात रांगेत माझे जुने, पुरुषाचे नाव मोठ्याने पुकारतात आणि सगळे वळून बघतात. शिवाय मी मेडिकलमधून संततिनियमनाच्या गोळ्या आणून घेते, शरीरात बदल व्हावा म्हणून. मैत्रिणी म्हणतात, दोन्ही औषधे एकमेकांना मारतात, म्हणून मी मध्ये महिनाभर एचआयव्हीची गोळी सोडली होती. गुरूंना हे माहीत नाही. त्यांना सांगावे का?

उत्तर : आधी गोळ्यांविषयी. आपण टीएलडी घेत असाल, तर तिच्यात आणि स्त्री-संप्रेरकांमध्ये, म्हणजे हार्मोनमध्ये, चिंता करावी असा परस्परविरोध नाही. दोन्ही चालू राहू शकतात, आणि हार्मोनसाठी एचआयव्हीची गोळी सोडण्याचे काहीच कारण नाही. मैत्रिणींचे म्हणणे हवेतून आलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी बऱ्याच जणांना मिळणाऱ्या एफाव्हिरेन्झ या एचआयव्हीच्या औषधामुळे संप्रेरकांची रक्तातील पातळी कमी होत असे, आणि त्या काळातली ती गोष्ट तोंडोतोंडी आजही फिरते आहे. गोळी सोडलेल्या महिन्याविषयी केंद्रात स्पष्ट सांगावे आणि व्हायरल लोड तपासून घ्यावा. कोणी रागावले तरी ते ऐकून घ्यावे लागेल, पण तपासणी चुकवू नये.

माझी खरी काळजी त्या संततिनियमनाच्या गोळ्यांची आहे. त्यांतील एथिनिलएस्ट्रॅडिऑल या कृत्रिम स्त्री-संप्रेरकाने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, लवकर बदल दिसावा म्हणून दोन-तीन गोळ्या एकदम घेतल्या तर अधिकच, आणि तंबाखू ओढण्याची सवय असेल तर त्याहूनही. एका पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. संप्रेरकांचे उपचार वैद्यकीय महाविद्यालयातील ग्रंथीविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली घेता येतात, आणि त्यांसाठी इस्ट्रॅडिऑलची निराळी, तुलनेने सुरक्षित औषधे आहेत.

नाव पुकारण्याबद्दल आपण समुपदेशकाशी बोलावे आणि पुस्तकावर हाक मारण्याचे नाव पेन्सिलीने का होईना, लिहून घ्यावे. टोकनचा क्रमांक पुकारला तर प्रश्नच उरत नाही, आणि त्याचा फायदा रांगेतील प्रत्येकाला होतो, कारण एआरटी केंद्रासमोर कोणालाच आपले आडनाव मोठ्याने ऐकायचे नसते. सांगूनही फरक पडला नाही, तर 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी असावा लागतो, आणि त्याच कायद्याने राज्यासाठी लोकपालाचीही तरतूद केली आहे. लोकपालाने तक्रारीवर तीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019 च्या कायद्यानेही आरोग्यसेवेतील भेदभावाला मनाई केली आहे. कागद हातात असला तरी एकटीने भांडणे कठीण असते, हे मी जाणतो. सांगलीत 'संग्राम' या संस्थेने 1992 मध्ये वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर काम सुरू केले आणि पुढे त्या स्त्रियांनीच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. तिथल्या कामातून शिकण्यासारखी एक गोष्ट अशी, की आजारी बाईबरोबर तिच्याच वस्तीतली दुसरी बाई दवाखान्यात जात असे. बरोबर कोणी असले की टेबलापलीकडचा आवाज आपोआप खाली येतो.

गुरूंचा प्रश्न मी आपल्यावरच सोडतो. "तुमच्या समाजात गुरूच सगळे ठरवतात" असे गृहीत धरून गुरूंना फोन लावणारे आरोग्य कर्मचारी मला माहीत आहेत. हेतू चांगला असला तरी ती कायद्याने गुन्ह्याच्या वाटेवरची गोष्ट आहे. काही गुरू चेल्याच्या गोळीची आठवण स्वतःच्या जेवणाआधी ठेवतात, तर काही घरांत चेल्याला निदान कळताच वेगळे ताट मिळते. आपले घर कोणते, हे आपण जाणता. सांगायचेच असेल, तर आधी एक वाक्य सांगून पाहावे: औषध नियमित घेऊन विषाणू तपासणीत न सापडण्याइतका खाली गेला, की लैंगिक संबंधातून लागण होत नाही; आणि एका ताटात जेवल्याने तर ती कधीच होत नव्हती. हे ऐकून त्यांचा चेहरा कसा होतो, ते पाहून पुढचे ठरवावे.

प्रश्न : मी पुण्यात एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. रुग्णाच्या समाजानुसार वेगळे वागा असे हल्ली प्रशिक्षणात सांगतात. पण हा माणूस अमुक धर्माचा, अमुक जमातीचा म्हणून वेगळे वागणे हाच भेदभाव नाही का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. समाजाचे नाव विचारून त्यावरून अंदाज बांधणे हा भेदभावच आहे. शस्त्रक्रियेपूर्वी तृतीयपंथी रुग्ण दिसला की न विचारता एचआयव्हीची चाचणी लावणे, हे त्याचे नेहमी दिसणारे उदाहरण. म्हणून धर्म आणि जात विचारूच नये. कोणत्या भाषेत बोललेले नीट कळते, दिवसातले कोणते जेवण हमखास घरी होते, पुढचे सहा महिने कुठे असणार, आणि घरात हे कोणाला माहीत आहे, असे साधे प्रश्न प्रत्येकाला, अगदी सदाशिव पेठेतून आलेल्यालाही, विचारावेत. मालेगावच्या ताईंचा रोजा आणि नंदुरबारच्या जोडप्याची ऊसतोड या प्रश्नांच्या उत्तरांत आपोआप येते.

यात शेवटी एक प्रश्न जोडावा, तो बहुतेक जण विसरतात. रुग्ण ठरलेल्या तारखेला आला नाही, की केंद्रातून फोन जातो, आणि तो फोन अनेकदा दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात असतो. म्हणून नाव नोंदवतानाच विचारून घ्यावे, की फोन दुसऱ्याने उचलला तर आम्ही कोण म्हणून बोलायचे. एका बाईंनी मला सांगितले होते, "बचतगटाच्या मॅडम म्हणा, आणि हप्ता राहिलाय म्हणा." तेवढे कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते.